काढून टाकायचा शब्द

मोबाईल मोसंबीच्या ढिगाला टेकवून ठेवला होता आणि त्यातून नागपूरची विधानसभा भांडत होती.

"गप बसा ना रे जरा," दगडाबाई म्हणाली. हे ती मोबाईलमधल्या आमदारांना म्हणाली की दुकानापुढं ओरडणाऱ्या जीपवाल्यांना, ते कळायला मार्ग नव्हता. गप मात्र दोघांतलं कुणीच बसलं नाही.

केजच्या बसस्टँडजवळ जलालुद्दीनचं फळांचं दुकान होतं. तिथं यायचं दगडाबाईच्या मनात मुळीच नव्हतं. पण आज सभागृहात पोलिसांच्या मारहाणीवर चर्चा होती, तीत तिच्या नवऱ्याचं, म्हाळूचं, प्रकरण निघणार होतं, आणि वाडीत मोबाईलला रेंज येत नव्हती. धाकटी लेक योगिता केजच्या कॉलेजात बी.ए.ला. ती आईला घेऊन आली, तर ऐनवेळी तिच्या मोबाईलचं चार्जिंग संपलं. वायर होती ती जलालुद्दीनकडं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं नाही.

जलालुद्दीननं एक मोसंबी सोलली, फोडी कागदावर मांडल्या आणि कागद पुढं सरकवला. "घ्या की, भाभी. लांबून आल्यात."

"नगं."

पोळ्यापासून तिनं त्याच्या दुकानातलं फळ तोंडात घातलं नव्हतं. का ते त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो आग्रह करत नव्हता. फोडी तशाच सुकत होत्या.

मोबाईलमध्ये त्यांच्या भागाचे आमदार उठले. आवाज चांगला होता गड्याचा. बीड जिल्ह्यातल्या एका गरीब मेंढपाळाला घोटवण फाट्याच्या चौकीत दोन दिवस डांबलं, तळपाय फुटेस्तोवर मारलं, गुन्हा नोंदवलाच नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. दगडाबाईनं पदर सावरला आणि ताठ बसली, जणू आमदार तिच्याकडंच बघून बोलत होते.

मग मंत्री उठले. त्यांनी कागद वाचला. वाचताना ते वरसुद्धा बघत नव्हते. "सदर इसम हा मेंढीचोर असून, त्याच्या ताब्यातील जनावरांची संख्या व मालकी त्यास सांगता आली नाही. चौकशीदरम्यान तो पडून जखमी झाला."

जलालुद्दीननं मान खाली घातली आणि नीट लावलेली मोसंबी पुन्हा लावायला घेतली.

तिकडं सभागृहात मात्र नुसता गोंधळ उडाला. आमदार मंत्र्यांना काहीतरी बोलले, मंत्र्यांच्या बाजूचा एक जण उसळून उठला, दोघांची जुंपली. अध्यक्षांनी घंटा बडवली आणि म्हणाले, "तो शब्द कामकाजातून काढून टाका. तो शब्द काढून टाकण्यात येत आहे. बसा खाली!" माणसं शांत झाल्यावर त्यांनी सांगितलं, की या प्रकरणाची जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडून चौकशी करा आणि पुढच्या अधिवेशनात सभागृहाला कळवा. की लगेच पुढचा विषय, कुठल्यातरी पुलाचा.

"काय काढून टाका म्हणायलाय त्यो?" दगडाबाईनं विचारलं.

"आमदार मंत्र्याला वंगाळ बोलले ना, त्यो शब्द," योगिता म्हणाली.

"म्हंजी बोललेला शब्द मागारी जातो?"

"पुस्तकातून जातो, माय. तिथं बोललेलं समदं छापून ठिवतेत. आध्यक्षानं काढा म्हणलं, की तेवढं छापत न्हाईत."

"आन् तुह्या बापाला चोर म्हणले, ते?"

योगिता मोबाईलची वायर उगाच गुंडाळायला लागली. "ते छापतील."

"कवर राहील ते पुस्तक?"

"कायमचंच राहतंय."

दगडाबाई उठली. तिचा आवाज चढला नाही, पण शेजारच्या केळीवाल्यानं वळून बघितलं. "मंत्र्याला वंगाळ बोललं तर काढायचं. आन् मेंढक्याला चोर म्हणलं तर छापायचं. कावून? त्याचंच तेवढं नाक हाय व्हय? चल योगे. आमदाराचं हापीस कुठं हाय ते दाव मला."

आता मूळ गोष्ट सांगायला हवी, नाहीतर दगडाबाईचा ताठा कळायचा नाही.

म्हाळूच्या कळपात स्वतःच्या मेंढ्या थोड्या आणि लोकांच्या जास्त. आपली मेंढरं मेंढक्याच्या हवाली करायची, त्यानं ती वर्षभर राखायची, होतील ती कोकरं दोघांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. याला अर्धल म्हणतात. कागद नाही, पत्र नाही. मालक आपापली खूण मेंढीच्या कानाला करतो आणि विसरून जातो. म्हाळूच्या शब्दावर पाच जणांची मेंढरं त्याच्याकडं होती, त्यात सगळ्यांत जास्त जलालुद्दीनची.

पोळ्याच्या आठवड्यात कुठल्यातरी गावातून मेंढ्या चोरीला गेल्या. घोटवण फाट्याच्या चौकीतल्या फौजदारानं रस्त्यावर म्हाळूला अडवलं. एका कळपात इतक्या तऱ्हेचे कापलेले कान बघून त्याला वाटलं, सापडला चोर. त्यानं विचारलं, "मेंढ्या कुणाच्या बे?" म्हाळू म्हणाला, "लोकांच्या, सायेब." पुढं विचारलं, "किती हायेत?" म्हाळू म्हणाला, "आसतील."

इथंच घोडं पेंड खात होतं. म्हाळूच्या घराण्यात कळपाचा आकडा कुणी तोंडानं बोलत नाही. बोललं की कळप घटतो, अशी समजूत. बाप बोलला नाही, आजा बोलला नाही. लग्नात पाहुण्यांनी विचारलं तरी उत्तर एकच, "आसतील." पंचक्रोशीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक, म्हणून कुणी विचारतच नाही. फौजदार दुसऱ्या मुलखातला. त्याला वाटलं, हा मस्तवाल आहे, नाहीतर लबाड तरी आहे. चौकीत नेऊन पुन्हा विचारलं. प्रत्येक वेळी तळपायावर काठी पडली आणि प्रत्येक वेळी म्हाळू म्हणाला, "आसतील, सायेब."

मालकांची नावं मात्र त्यानं लगेच सांगितली होती. चौकीतून निरोपही गेले. पण एकही मालक आला नाही. पोलिसांच्या दारात "ती मेंढरं माझी" म्हणायला जायचं म्हणजे आपणच चोरीत सापडायचं, असं ज्याला त्याला वाटलं. ज्याच्या मेंढ्या चोरीला गेल्या होत्या तो आला, त्याला कळपात आपलं एकही जनावर दिसलं नाही. मग म्हाळूला सोडून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. कळप नंतर परत मिळाला, पण चौकीमागच्या आवारात बांधलेल्यातली काही जनावरं कुठं गेली, ते कुणी सांगितलं नाही. तिथल्या चुलीजवळ लोकर मात्र पडलेली होती.

रोज दिवस मावळताना मेंढरं वाघरीत घ्यायची असतात. वाघर म्हणजे दोरीचं जाळं, मेखांना बांधून त्याचं गोल कुंपण करतात. म्हाळू वाघरीच्या तोंडाशी उभा राहायचा. मेंढरं त्याच्या मांडीला घासून आत जायची आणि तो एकेकीच्या पाठीवरून हात फिरवायचा. शेवटची आत गेली, की मान न वळवता म्हणायचा, "आल्या." तो शब्द ऐकला की दगडाबाई तव्यावर भाकरी टाकायची. लग्न होऊन आल्यापासून तिच्या संसाराचं घड्याळ तेच होतं.

चौकीतून आल्यापासून म्हाळू वाघरीशी उभा राहिला नव्हता. पाय बरे झाले होते, लंगडत का होईना चालत होता, पण झोपडीच्या भिंतीला टेकून बसायचा तो बसायचा. मेंढरं दगडाबाई राखायची, वाघरीत तीच घ्यायची. "आल्या" म्हणायची मात्र तिची जीभ धजत नव्हती. तो शब्द तिचा नव्हता. आणि आता गावात कुणी नवीन मेंढरं अर्धलीनं द्यायला तयार नव्हतं, रान खतवायला कळप बसवा म्हणून बोलावत नव्हतं. तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं, एवढीच काय ती मेहेरबानी.

आमदारांचं कार्यालय बीडला होतं. आमदार नागपूरला, म्हणून त्यांच्या सहायकानं गाठ घेतली. पोरगा नम्र होता. चहा मागवला, भरपाईसाठी अर्ज करू म्हणाला, टीव्हीवाल्यांना बोलावतो म्हणाला, फोटो काढू म्हणाला.

"फोटू नगं," दगडाबाई म्हणाली. "त्यो चोर शब्द तेवढा काढायचा."

"आजी, तसा निघत नाही तो. मंत्र्यांनी उत्तरात वाचलाय. मंत्री स्वतः म्हणाले की आमचं उत्तर चुकलं होतं, तरच निघेल."

"मंग म्हणू द्या."

सहायक हसला, पण तिचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं. "चौकशी लागलीय ना, त्यात काय निघतं त्यावर आहे. बाहेरच्या मॅडम येणार आहेत, केजच्या विश्रामगृहावर बसतील. मालकांनी तिथं येऊन सांगितलं पाहिजे की मेंढ्या आमच्या आहेत, आम्हीच दिल्या होत्या. मालक आले, तर मंत्र्यांना उत्तर दुरुस्त करावं लागेल. नाही आले, तर शब्द राहिला तसाच."

"येतेल," दगडाबाई म्हणाली. बाहेर आल्यावर योगितानं विचारलं, "माय, कोण येतंय? तवा आले व्हते का?" दगडाबाई तरातरा चालायला लागली. केजची गाडी लागली होती आणि तिला खिडकीची जागा पकडायची होती.

मालकांच्या दारोदार हिंडण्यात पुढचे दिवस गेले. एकानं मेंढरंच परत मागितली. एकाची बायको म्हणाली, ते घरी नाहीत, आणि आतून खोकल्याचा आवाज आला. शेजारच्या गावचा गहिनीनाथ शेतकरी मोठा, ऊस कारखान्याला जाणारा, चौघांत बसणारा. त्यानं ओसरीवर बसवून पाणी दिलं आणि सांगितलं, "दगडाबाई, तुमचं खरं हाय. पर पाण्यात राहून माशासंगं वैर कोण करतंय? उद्या ट्रॅक्टर चौकीम्होरूनच जायचाय मव्हा."

"गहिनीनाथराव, तुमच्या रानात आमची मेंढरं किती वरसं बसली? तुमचा ऊस कशावर वाढला?"

"ते मी कुठं न्हाई म्हणतो?"

"मंग तेवढंच म्हणा. येऊन."

तो नुसता मिशीवरून हात फिरवत राहिला.

शेवटी ती जलालुद्दीनकडं गेली. दुकान बंद करून तो ताडपत्री बांधत होता. तिनं काही विचारायच्या आधीच तो बोलायला लागला. "भाभी, तुमी मला काय समजायलात ते मला मालूम हाय. त्या दिसी मी निघलतो. खुदाकसम निघलतो. चौकीच्या वळणापर्यंत आलतो मोटारसायकलवर. तिथं उभा राहिलो. आतून म्हाळूदाचा आवाज यायलता." त्यानं ताडपत्रीची गाठ ओढली. "मंग मागारी फिरलो. मला वाटलं, ह्याला एवढं मारायलेत, तर मला काय करतेल? मह्या नावानंच निम्मी केस होती."

आपल्याला राग येईल असं दगडाबाईला वाटलं होतं. तो आलाच नाही. हा माणूस पोळ्यापासून रोज त्या वळणावरच उभा आहे, हे तिला दिसलं.

"ते वळण आजून तितंच हाय, जलालभाई," ती म्हणाली. "मंगळवारी मॅडम यायलेत. मी मेंढरं घेऊनच येणार हाय. कागद न्हाई म्हणतेत ना? कान तर हायेत."

मंगळवारी तांबडं फुटायच्या सुमारास तिनं म्हाळूच्या पुढ्यात भाकर ठेवली आणि शेजारी बसली.

"चला संगं. तुमी नसलात तर समद्याचा काय उपेग?"

म्हाळूनं भाकरीचा तुकडा मोडला.

"आन् मॅडमनं इचारलं किती हायेत, तर आकडा सांगून टाका एकदाचा. ऐकलं का? त्या एका आकड्यापायी पाय गेले, आब्रू गेली. आता आजून कळप घटायचा ऱ्हायलाय का? सांगा. मह्या गळ्याची आण हाय."

म्हाळू तुकडा चावत राहिला. बाईनं कपाळावर हात मारला, काठी उचलली, वाघर सोडली आणि योगिताला संगं घेऊन मेंढरं हाकत निघाली. मागं वळून बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याच्यापुढं पाऊल टाकलं होतं आणि ते तिला जड जात होतं.

कच्च्या वाटेवर मेंढरं बरी चालली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मात्र पंचाईत झाली. उसाच्या ट्रॉल्या धडधडत येत होत्या, जीपवाले हॉर्न वाजवत होते. कळप रस्त्याच्या मधोमध फाटला. पुढची मेंढरं पलीकडं, मागची अलीकडं, आणि म्होरक्या बोकड भर रस्त्यात उभा राहून मागं बघायला लागला. दगडाबाई ओरडली, योगिता दगड मारत पळाली. ट्रॅक्टरवाला वरून शिव्या देत होता. जनावर हलेना.

तेवढ्यात मागून आवाज आला. जिभेच्या टोकानं काढलेला, लांब, हुर्रर्र असा. दगडाबाईला वळायची गरज पडली नाही. बोकडानं कान टवकारले आणि तो रस्ता ओलांडून गेला, त्याच्यामागं एकेक करत सगळी मेंढरं गेली. म्हाळू लंगडत आला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बायकोपाशी आल्यावर म्हणाला, "रस्त्याला कुणी असं आणतंय का मेंढरं? कडंनं आणायची."

"मला काय ठावं?" दगडाबाई म्हणाली आणि डोळ्यात धूळ गेल्याचं निमित्त करून तिनं पदर डोळ्याला लावला.

विश्रामगृहाच्या फाटकावरचा शिपाई हबकलाच. "मेंढरं आत न्हाई आणायची. बागेची वाट लावतेल!" पण तोवर निम्मी आत गेली होती आणि बागेची वाट लावायला लागली होती. गडबड ऐकून आतून चौकशीच्या मॅडम बाहेर आल्या. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, चष्मा कपाळावर. जिल्ह्याबाहेरच्या. त्यांनी कळपाकडं बघितलं, दगडाबाईकडं बघितलं, म्हाळूच्या पायांकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"हे काय आणलंय, बाई?"

"पुरावा हाय, मॅडम," दगडाबाई म्हणाली.

मॅडमनी टेबल बाहेर लिंबाखाली मांडायला लावलं. फाटकाबाहेर बघे जमले होते. दगडाबाईची नजर त्यांच्यावरून फिरत होती. जलालुद्दीन त्यात दिसत नव्हता, गहिनीनाथ दिसत नव्हता, कुणीच दिसत नव्हतं. मॅडमनी कागदावरून मान वर केली. "मालक कुठं आहेत?"

एक मेंढी झेंडूचं रोप खात होती, तिच्या दातांचा आवाज येत होता. येतेल, असं सांगून बसलेली दगडाबाई. तिला पहिल्यांदाच वाटलं, की आपण येड्यासारखं केलं. सगळ्या गावापुढं नवऱ्याला पुन्हा उभं केलं आणि पुन्हा तसंच उभं केलं.

"मव्हा जबाब घ्या, मॅडम."

फाटकातून जलालुद्दीन आत येत होता. अंगात ईदला घालतो तो पांढरा सदरा. चेहरा मोसंबीच्या सालीसारखा पिवळा पडला होता, पण पाय थांबत नव्हते. टेबलापाशी येऊन तो उभा राहिला. "जलालुद्दीन, फळवाला. ह्यातली मेंढरं मही हायेत. मीच दिलीत अर्धलीनं. तवाच यायला पायजे व्हतं, न्हाई आलो."

"कशावरून तुमची?"

"डाव्या कानाच्या टोकाला तिरपा काप आन् त्याच्याखाली एक छेद. बघा तुमी. मी हात लावत न्हाई."

मॅडम स्वतः उठल्या. कळपात शिरल्या, शिपायाला मेंढ्या धरायला लावल्या, एकेक कान वळवून बघितला. बाई कामाची होती. परत येऊन बसल्या आणि लिहायला लागल्या. तेवढ्यात बघ्यांच्या मागून ट्रॅक्टर बंद झाल्याचा आवाज आला आणि मिशीवरून हात फिरवत गहिनीनाथ आत आला. "उजव्या कानाला मधोमध भोक," लांबूनच म्हणाला, जणू बाजारात भाव सांगतोय. "तीन पिढ्यांची खूण हाय आमची. म्हाळूला चोर म्हणायचं तर मंग आमी समदेच चोर." बाकीचे तिघं काही आले नाहीत. पण दोघांचे जबाब झाले, सह्या झाल्या.

मग मॅडम म्हाळूकडं वळल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "बसा, दादा. एवढंच लिहायचं राहिलंय. एकूण मेंढ्या किती आहेत?"

आसपास जमलेल्या गाववाल्यांत कुजबूज उठली आणि थांबली. हाच तो प्रश्न. तिला आकडा ठाऊक होता. नवरा बोलला नाही तर आपण बोलायचं, हे तिनं वाटेत ठरवलं होतं. आता बोललं, की काम फत्ते. तिनं म्हाळूकडं बघितलं. तो टेबलाची कड एका हातानं धरून उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. दुखऱ्या पायांवरच उभा होता.

"आसतील, मॅडम," तो म्हणाला.

तेच. चौकीत म्हणाला होता तेच, त्याच आवाजात. ना कमी, ना जास्त. ज्या शब्दासाठी मार खाल्ला तो त्यानं टाकून दिला नव्हता. आणि दगडाबाईला एकदम उमगलं, की इतके दिवस भिंतीला टेकून बसलेला माणूस मोडलेला नव्हता. रुसलेला होता. तिनं उघडलेलं तोंड मिटलं. जीभ दाताखाली घट्ट धरून ठेवली, की चुकूनसुद्धा आकडा बाहेर पडू नये.

मॅडमनी पेन हातात धरून थोडा वेळ वाट बघितली. जलालुद्दीन खाकरला. "मॅडम, ह्यांच्यात आकडा बोलत न्हाईत. आमी मालकबी कदी इचारत न्हाई. कुणी इचारलंच न्हाई आजवर, फक्त त्या फौजदारानं इचारलं."

"आणि त्याला हे सांगायला कुणी नव्हतं."

"न्हाई," जलालुद्दीन म्हणाला. "कुणी नव्हतं."

मॅडमनी मान हलवली आणि लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनीच वाचून दाखवलं: संख्या न सांगण्याची या मेंढपाळांत परंपरा असून मालक ती जाणतात, मालकी खुणांवरून सिद्ध होते. मग पेनाचं टोपण लावून म्हणाल्या, "अहवाल मी देईन. चौकीतल्या मारहाणीचंही लिहीन. पण शब्द मागं घ्यायचा की नाही, ते सभागृहाच्या हातात. मार्चमध्ये अधिवेशन आहे."

"मार्चात न्हाई घेतला, तर मी म्हमईला येईन," दगडाबाई म्हणाली. "तवाबी न्हाई घेतला, तर त्याच्या म्होरल्याला नागपूरला. मला काय, चालायची सवं हाय."

मॅडम हसल्या नाहीत. "या," म्हणाल्या.

फाटकाबाहेर जलालुद्दीननं खिशातून एक मोसंबी काढली. सकाळपासून तिथंच असावी, गरम झाली होती. दगडाबाईनं ती घेतली, सोलली, निम्म्या फोडी स्वतः घेतल्या आणि निम्म्या त्याच्या हातावर ठेवल्या. दोघांनी उभ्या उभ्याच खाल्ल्या. आंबट होती.

परतताना उन्हं कलली. गहिनीनाथचा ट्रॅक्टर मागून आला, पुढं गेला आणि त्याच्या रानाशी थांबला. तो बांधावर उभा राहून म्हणाला, "म्हाळूदा, आज इतंच बसव की कळप. ऊस तुटलाय, रान रिकामं हाय."

किती मेंढरं आहेत, ते त्यानं विचारलं नाही. मघाचं सगळं ऐकून विचारलं नाही असं नव्हे. त्यानं कधीच विचारलं नव्हतं.

योगितानं वाडीवरून वाघर आणली, मेखा ठोकल्या. दगडाबाईनं तीन दगडांची चूल मांडली, पिठाचा गोळा मळला आणि सवयीनं वाघरीकडं जायला उठली. तर म्हाळू तोंडाशी उभा होता. एका पायावर भार देऊन, काठीला टेकून. मेंढरं त्याच्या मांडीला घासून आत जात होती आणि तो एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होता. कुठं कुठं हात हवेतच थांबायचा, जणू तिथं एक पाठ असायला हवी होती. मग पुढच्या मेंढीवर यायचा.

दगडाबाई चुलीपाशी परत बसली. भाकर थापून तयार होती, तवा तापला होता. तिनं टाकली नाही. हातावर तोलून वाट बघत राहिली.

शेवटचं कोकरू आत गेलं. म्हाळूनं वाघरीचं तोंड बांधलं. मान न वळवता म्हणाला,

"उरल्यात त्या आल्या."

दगडाबाईनं भाकर तव्यावर टाकली.